वजन उतरवताना भात किती आणि कसा

नमस्कार श्रोतेहो.

वजन कमी करायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड भातावर पडते. 'आजपासून भात बंद' असं घरात जाहीर होतं आणि चार-पाच दिवसांत काटा खरोखरच खाली येतो. एक किलो, कधी दीड किलो. मग मनाची खात्रीच पटते की इतके दिवस वजन वाढवत होता तो भातच. आज मला भात कसा खायचा हे सांगायचं आहे, पण त्याआधी या खात्रीबद्दल बोलायला हवं.

भातासारख्या पिष्टमय अन्नातून मिळणाऱ्या ग्लुकोजचा काही भाग शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. मोठ्या माणसाच्या अंगात हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत अंदाजे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पिष्टमय खाणं एकदम तोडलं की हा साठा खर्च होतो आणि त्याच्यासोबतचं पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसते ती घट बरीचशी या पाण्याची असते. पुढे एखाद्या समारंभात भात खाल्ला की पाणी परत येतं, काटा वर सरकतो, आणि माणूस हवालदिल होतो की एका दिवसाच्या भातानं किलोभर वजन वाढलं. एक किलो चरबीत 7,700 च्या आसपास कॅलरी असतात. तेवढ्या कॅलरी नुसत्या भातातून घ्यायच्या, तर रोजचं सगळं जेवण झाल्यावर वर जवळजवळ सहा किलो भात खावा लागेल. तेव्हा काट्याची ती उडी चरबीची नसते, हे मनाशी पक्कं करा.

भात बंद न करताही वजन उतरतं. अट एकच, तो मोजून घ्यायचा. माझं आजचं सांगणं एवढंच आहे, आणि ते मी जरा तपशिलात सांगणार आहे, कारण घोटाळा सगळा मोजण्यातच होतो.

आकडे बघू. शंभर ग्रॅम कोरड्या पांढऱ्या तांदळात साधारण 360 कॅलरी असतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 130. शिजताना तांदूळ पाणी पितो आणि त्याचं वजन अडीच ते तीन पट होतं. पाण्यात कॅलरी नसतात, म्हणून भाताचा आकडा तांदळाच्या आकड्यापेक्षा इतका लहान दिसतो. आता होतं काय, की मोबाइलच्या ॲपमध्ये कुणी 150 ग्रॅम भात खाऊन 150 ग्रॅम तांदूळ अशी नोंद करतो. भात 195 कॅलरींचा असतो आणि नोंद होते 540 ची. दिवसाचा हिशेब भातानंच खाल्ला असं वाटून माणूस भात सोडून देतो. उलटंही होतं. 150 ग्रॅम कोरडे तांदूळ मोजून शिजवले आणि ॲपमध्ये शिजलेल्या भाताचा आकडा भरला, की साडेतीनशे कॅलरी हिशेबातून गळून पडतात. दिवसाला पाचशे कॅलरींची तूट ठेवायचा बेत असेल, तर त्यातली बहुतेक तूट या एका नोंदीत संपते. म्हणून नोंद करताना आधी बघा, समोरचा आकडा कोरड्या तांदळाचा आहे की शिजलेल्या भाताचा.

'एक वाटी भात' हे माप तर सोडूनच द्या. वाट्या लहान-मोठ्या असतात, कुणी सपाट भरतं, कुणी शीग लावून. भातवाढीनं दाबून वाढलेला भात आणि मोकळा पडू दिलेला भात डोळ्यांना सारखाच दिसतो, वजनात मात्र खूप फरक पडतो. आणि मऊ भात आणि फडफडीत भात यांची तर तुलनाच करता येत नाही, कारण दोन्हींत पाणी वेगवेगळं असतं.

चार माणसांचा भात एकाच भांड्यात शिजतो, मग माझा वाटा कसा मोजायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याला एक सोपी रीत आहे. स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा साधा काटा ठेवा. रिकाम्या भांड्याचं वजन एकदाच करून कागदावर लिहून ठेवा. समजा, 300 ग्रॅम तांदूळ घेतले. त्यांच्या कॅलरी झाल्या 1,080. शिजल्यावर भांड्यासकट वजन केलं, भांड्याचं वजन वजा केलं, आणि भात भरला 850 ग्रॅम. 1,080 ला 850 नं भागा, म्हणजे एका ग्रॅमला सव्वा कॅलरीहून किंचित जास्त. तुम्ही 150 ग्रॅम वाढून घेतला तर 190 कॅलरी. घरात नेहमी तेच तांदूळ आणि तेवढंच पाणी असेल, तर हे गणित दोन-तीनदा केलं की पुरे. मग तुमच्या नेहमीच्या ताटलीत 150 ग्रॅम भात कुठवर येतो ते डोळ्यांना ओळखू येतं. तरी महिन्यातून एकदा पुन्हा काट्यावर ठेवून बघा. डोळा हळूहळू उदार होत जातो.

आता ताट. दिवसाला 1,500 कॅलरींचा बेत आहे असं धरू. हा आकडा सगळ्यांसाठी नाही, उंची, वय आणि कष्ट यांवर तो बदलतो, पण उदाहरणाला बरा. एका जेवणात 150 ग्रॅम भात घेतला, 195 कॅलरी. कोरडी 30 ग्रॅम डाळ शिजवून, 100 कॅलरी. दोनशे ग्रॅम भाजी, फळभाजी किंवा पालेभाजी, बटाट्यासारखं कंद नव्हे, साधारण 60 कॅलरी. स्वयंपाकातलं एक चहाचा चमचा तेल, 45. शंभर ग्रॅम दही, 60. बेरीज 460. ताटात सहाशे ग्रॅमच्या वर अन्न आहे आणि त्यात भात चौथ्या हिश्शाहून कमी. हे जेवण करून उठलेला माणूस उपाशी नसतो. डाळीच्या जागी अंडी, मासे किंवा कोंबडी आली तरी चालेल, फक्त प्रथिनांची जागा रिकामी ठेवू नका. शंभर ग्रॅम भातात प्रथिनं जेमतेम पावणेतीन ग्रॅम असतात. नुसत्या भातानं पोट भरायला गेलं की म्हणूनच पुन्हा पुन्हा वाढून घ्यावं लागतं. शिवाय तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं, आणि डाळीत जे मिथिओनिन कमी पडतं ते तांदूळ देतो. एकमेकांची उणीव भरून काढणारी ही जोडी आहे.

वाढण्याचा क्रमही बदलून बघा. आधी भाजी आणि प्रथिनं, भात शेवटी. अशा क्रमानं जेवल्यावर रक्तातली साखर कमी चढते, असं लहान लहान प्रयोगांत दिसलं आहे. आणि भात शेवटी आला की दुसऱ्यांदा वाढून घ्यायची इच्छा आपोआप मंदावते. माझ्या मते हा दुसरा फायदाच जास्त मोलाचा.

तेलाबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचं आहे. 15 मिलिलिटरचा मोठा चमचा घ्या, त्यात मावणाऱ्या तेलात 120 कॅलरी असतात. असे दोन चमचे घालून तुमचा 150 ग्रॅम भात परतला, तर तेलाच्या कॅलरी भातापेक्षा जास्त होतात. लोक भाताचे घास मोजतात, पण तेलाची बाटली मोकळ्या हातानं ओततात. तूप, लोणी, नारळाचं दूध, तळलेले काजू, सगळ्यांची हीच गत. वजन वाढवणारा म्हणून ज्या भाताचं नाव घेतलं जातं, तो पुष्कळदा असा स्निग्धात न्हालेला भात असतो. ते खाऊच नये असं मी म्हणत नाही. चमचा मोजून घाला आणि त्या दिवशी भाताचा वाटा थोडा लहान ठेवा.

ब्राउन राइस म्हणजे असडी तांदूळ खायलाच हवा का? त्यात तंतू जास्त आहेत, मॅग्नेशियम आणि ब गटातली जीवनसत्त्वं जास्त आहेत, हे खरं. पण शिजल्यावर कॅलरी शंभर ग्रॅमला 110 ते 120, म्हणजे पांढऱ्यापेक्षा फार कमी नाहीत. 1995 मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी 38 पदार्थ समान कॅलरींच्या मापानं खायला देऊन कशानं किती पोट भरल्यासारखं वाटतं ते मोजलं होतं. पांढऱ्या ब्रेडला 100 गुण धरले, तर पांढऱ्या भाताला 138 आणि ब्राउन राइसला 132 मिळाले. म्हणजे जवळपास सारखेच. उकडलेल्या बटाट्याला 323 होते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. तेव्हा असडी तांदूळ आवडत असेल तर जरूर खा. आवडत नसेल तर वजनासाठी तो घशाखाली ढकलण्याचं कारण नाही. तंतू भाजीतून घ्या.

शिळ्या, थंड भाताबद्दलही बरंच बोललं जातं. भात शिजवून फ्रिजमध्ये दिवसभर ठेवला की त्यातल्या पिष्टाचा काही भाग न पचणारा होतो, त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. 2015 मधल्या एका प्रयोगात ताज्या भातात तो शंभर ग्रॅमला 0.64 ग्रॅम होता आणि 24 तास थंड ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात 1.65 ग्रॅम. जेवणानंतरची साखरही थोडी कमी चढली. पण वाढ झाली ती एका ग्रॅमची. त्यातून वाचतात दोन-तीन कॅलरी. 'थंड केला की निम्म्या कॅलरी उडतात' असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. पेज काढून टाकण्याचंही असंच आहे. थोडं पिष्ट जातं, तांदळातलं आर्सेनिक हे विषारी द्रव्य कमी होतं हा फायदा आहे, पण काही जीवनसत्त्वंही जातात. वाट्याचं माप त्यानं मोठं होत नाही.

आणि भात थंड करायचाच असेल तर नीट करा. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून भात पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा, आणि गरम करायचा तो एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत.

भात की भाताशिवाय, या वादावर मोठे प्रयोगही झाले आहेत. 2018 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं 609 जणांना वर्षभर दोन प्रकारचा आहार दिला. एका गटात स्निग्ध पदार्थ कमी, दुसऱ्यात पिष्टमय पदार्थ कमी. वर्षअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6 किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीनं दखल घेण्याजोगा नव्हता. त्याआधी कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. वॉल्टर केम्पनर रुग्णांना भात आणि फळं यांवर ठेवत. मूळ आहार तीव्र रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या आजारासाठी होता, पुढे तो लठ्ठपणासाठीही वापरला गेला. 1975 मध्ये त्यांनी 106 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यांतल्या प्रत्येकाचं वजन किमान 45 किलो उतरलं होतं. हा आहार कुणी घरी करू नये, तो अतिशय एकांगी होता आणि डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली दिला जाई. मी तो सांगते एवढ्यासाठीच, की भाताच्या शितात वजन उतरू न देणारं काही दडलेलं असतं, तर या माणसांचं वजन उतरलंच नसतं.

रात्री भात खावा का, असंही विचारतात. दिवसाच्या बेरजेत तो बसत असेल तर खावा. रात्रीच्या भाताचं दुखणं घड्याळात नसतं, दिवसभर अर्धपोटी राहून रात्री भुकेनं भरलेल्या ताटात असतं.

ज्यांना मधुमेह आहे त्यांचं गणित थोडं वेगळं. त्यांनी भाताचा वाटा याहून लहान ठेवावा आणि मोकळा शिजणारा, लांब दाण्याचा तांदूळ निवडावा. त्यात अमायलोज हा सावकाश पचणारा पिष्टाचा प्रकार जास्त असल्यानं चिकट भातापेक्षा साखर सहसा सावकाश चढते. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भात एकाएकी तोडला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून औषधाचं माप ठरवून घ्या. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही स्वतःच्या मनानं बेत आखू नये.

बाकीच्यांनी सुरुवात अशी करावी. एका वेळी 50 ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात आणि आठवड्यात तीन-चारदा सकाळी उठल्यावर वजन. एका दिवसाचा आकडा बघू नका, आठवड्याची सरासरी बघा. तीन आठवडे सरासरी हललीच नाही, तर आधी तेल मोजा, मग येता-जाता तोंडात टाकलेलं मोजा. ते सगळं ठीक निघालं, तरच तांदूळ दहा ग्रॅमनं कमी करा आणि पुन्हा तीन आठवडे थांबा.

नमस्कार.