सुसूची टिकटिक, कस्तुराची शीळ

(दृश्य : आंबोली, जुलैची पहाट, ओढा)

ही शीळ एखाद्या उनाड पोराची वाटते. ती मलबारी शीळकरी कस्तुराची आहे. निळसर-काळा, जेमतेम 25 सेंटीमीटरचा पक्षी. विणीच्या दिवसांत नर उजाडायच्या आधीच ओढ्याकाठी गाऊ लागतो. श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, तिथल्या अवयवात हा आवाज तयार होतो.

रेकॉर्डिंग सोपं; 48 किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 48 हजार वेळा आवाज मोजणारा, साधा रेकॉर्डर पुरतो. घोळ पाणी घालतं. माइक ओढ्याकडे पाठ करून ठेवा, 500 हर्ट्झखालचा आवाज गाळा, माइकच्या केसाळ आवरणावर छत्री धरा. नाहीतर थेंबांची टपटप गाण्यावर बसते. पक्षी जवळ यावा म्हणून त्याचीच शीळ मोबाइलवर वाजवू नका. प्रतिस्पर्धी आला समजून तो विणीचं काम सोडून भांडायला येतो.

(दृश्य : बिहार, विक्रमशिला अभयारण्य, गढूळ गंगा)

तोच रेकॉर्डर इथे बहिरा. गंगेच्या डॉल्फिनच्या, म्हणजे सुसूच्या, डोळ्यात भिंगच नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो. म्हणून ती जवळपास अखंड टिकटिकत राहते. नाकाच्या वाटेत तयार झालेला आवाज कपाळातल्या चरबीतून झोतासारखा पुढे जातो, प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून कानात येतो. जोर साधारण 65 किलोहर्ट्झला. आपला कान 20 ला थांबतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर धावतो, म्हणजे लहर सव्वादोन सेंटीमीटरची. छोटा मासा टिपायला तेवढी बारीक लहर हवीच. तरीही नायलॉनचं पातळ जाळं नीट प्रतिध्वनी देत नाही, आणि सुसू त्यात अडकून श्वासावाचून मरते.

इथे पाण्यातला माइक, म्हणजे हायड्रोफोन, लागतो. नमुना-दर, म्हणजे आवाज मोजण्याचा वेग, टिकटिकीच्या 65 च्या दुपटीहून जास्त हवा; निदान 192 किलोहर्ट्झ. इंजिन बंद. केबल होडीच्या काठाला घासली की सगळं रेकॉर्डिंग वाया. नीट झालेलं रेकॉर्डिंग मग दहापट सावकाश वाजवा : 65 चे साडेसहा होतात आणि टिकटिक ऐकू येते.

साध्या माइकला सुसूचा एकच आवाज मिळतो. अर्ध्या ते दोन मिनिटांनी ती वर येते, श्वास सोडते.

(आवाज : ‘सूंऽस’. दोन सेकंद शांतता.)

बिहारमधले मच्छीमार तिला सोंस म्हणतात.