सलगमाचा दिवा

(दृश्य: काचेच्या कपाटातला कोरीव चेहरा. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हा चेहरा नीट बघा. डोळ्यांच्या जागी दोन खाचा, खाली दातांची वेडीवाकडी ओळ, कातडी आक्रसून सुरकुतलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणा वाळलेल्या माणसाचं डोकंच इथे आणून ठेवलंय. पण हे आहे एक सलगम. शेतात उगवणारं, उकडून खायचं साधं कंदमूळ.

मूळ सलगम आयर्लंडच्या वायव्येचं, काउंटी डोनेगॉलमधल्या फिनटाउनचं. एका शिक्षिकेनं ते १९४३ साली संग्रहालयाला दिलं. कंदच तो, किती टिकणार? तो ढासळायला लागला तेव्हा संग्रहालयानं त्याची प्लास्टरमधली हुबेहूब प्रतिकृती करून घेतली. काउंटी मेयोतल्या टर्लॉक पार्कमध्ये, आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ग्रामजीवन विभागात, ती आपल्याकडे रोखून बघत बसलेली असते.

हॅलोविन म्हटलं की आपल्याला आठवतो केशरी भोपळा. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्येही ऑक्टोबर संपता संपता तो लटकायला लागतो आणि आपण म्हणतो, आलं अमेरिकेचं खूळ. हा सण अमेरिकेचा नाही. तो या सलगमाच्या घरचा आहे, आणि आम्ही त्याच घरी आलो आहोत.

(दृश्य: डोंगरउतार, धुकं, खाली उतरणारी गुरं.)

ऑक्टोबरची अखेर. दुपारी चारलाच ऊन कलंडतं. उन्हाळाभर उंच कुरणांवर चरलेली गुरं खाली गोठ्यांकडे आणायची ही वेळ. आयरिश भाषेत या सणाचं नाव 'साविन'. पीक घरात आलेलं असतं, गवत संपत आलेलं असतं. थंडीत जेवढी जनावरं पोसता येतील तेवढी ठेवायची, बाकीची कापायची. वर्षाचा उजेडाचा भाग इथे संपतो आणि अंधाराचा सुरू होतो. जुन्या आयरिश हिशोबात दिवस सूर्यास्तापासून मोजायचा, म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लागतो. आजही आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याला साविनचाच महिना म्हणतात आणि हॅलोविनच्या रात्रीला साविनची रात्र.

एक वर्ष संपून दुसरं लागायचं असतं, तेव्हा मधल्या फटीतून काहीतरी आत येतं, ही समजूत. ती फट आयर्लंडमध्ये प्रत्यक्ष दाखवता येते.

(दृश्य: काउंटी रॉसकॉमन. शेताच्या कडेला झुडपांखाली दगडी भोक. वाटाड्या आधी आत सरकतो.)

हे राथक्रोहन. कॉनक्ट प्रांताच्या राजांचं जुनं ठाणं. आसपासच्या शेतांत दोनशेच्या वर प्राचीन अवशेष आहेत. टेकाडं, वर्तुळाकार बांध, उभे दगड. यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जागेचं तोंड मात्र इतकं लहान, की माणसाला पोटावर सरपटावं लागतं. ओविनागॅट. मांजरांची गुहा.

टॉर्चच्या उजेडात वर बघा. डोक्यावरच्या या आडव्या दगडाच्या कडेला खाचा पाडलेल्या आहेत. ही ओगम, आयर्लंडची जुनी लिपी. त्यात एक नाव कोरलंय: फ्रेक, मेव्हचा मुलगा. मेव्ह ही आयरिश कथांमधली याच भागाची प्रतापी राणी. पुढे माणसानं रचलेले दगड संपतात आणि चुनखडीची नैसर्गिक भेग सुरू होते. पायाखाली चिखल. टॉर्च विझवला की स्वतःचा हात दिसत नाही.

(दृश्य: काही क्षण पूर्ण काळोख. फक्त पाण्याचे थेंब.)

मध्ययुगातल्या आयरिश कथा सांगतात, की साविनच्या रात्री या भोकातून तीन डोक्यांचा राक्षस बाहेर पडला आणि त्यानं मुलूख उजाड केला. लाल पाखरांचा थवा निघाला. त्यांच्या श्वासानं हिरवी पानं करपून गेली. डुकरांचा एक कळप निघाला, ज्याला मोजायला गेलं की आकडाच जुळेना. युद्धदेवता मॉरिगनचा निवासही इथलाच. दुसऱ्या एका गोष्टीत नेरा नावाचा शिपाई साविनच्या रात्री या गुहेतून पलीकडच्या जगात जातो आणि परत येतो तेव्हा त्याच्या हातात उन्हाळ्यातली फुलं असतात. तिथे गेलो होतो, याचा तेवढाच पुरावा.

या कथा लिहून ठेवल्या ख्रिस्ती मठांतल्या भिक्षूंनी, जुना धर्म मावळून शतकं लोटल्यावर. त्याआधीचे लोक साविनला नेमकं काय करत, हे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत कुठेही लिहिलेलं नाही. दगड मात्र आहेत. टारा टेकडीवरचं ओलिसांचं थडगं सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं. त्याचा बोळ अशा दिशेला आहे, की साविनच्या सुमारास उगवता सूर्य थेट आत शिरतो.

(दृश्य: टारा, सूर्योदय. निवेदन थांबतं, वारा ऐकू येतो.)

टाराहून काही मैलांवर, अथबॉय गावाजवळ, त्लाख्टगाची टेकडी. सतराव्या शतकातला इतिहासकार जेफ्री कीटिंग लिहितो, की साविनला इथे मोठा अग्नी पेटवत आणि त्यावरूनच देशभरातल्या चुली पुन्हा पेटत.

चर्चचा भाग थोडक्यात. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांसाठी एक प्रार्थनास्थळ अर्पण केलं, नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस पक्का झाला, आणि पुढे फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठातून २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस पसरला. इंग्रजीत पवित्र माणसाला 'हॅलो' म्हणत. त्यांच्या सणाची आदली संध्याकाळ ती हॅलोविन. चर्चनं साविन झाकायलाच ही तारीख निवडली असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही, कारण आयरिश चर्चच्या जुन्या पंचांगात सर्व संतांचा दिवस एप्रिलमध्ये होता. नोव्हेंबरची तारीख बाहेरून आली आणि इथल्या मातीत आधीच असलेल्या रात्रीला चिकटली.

२ नोव्हेंबर आपल्यालाही परका नाही. वसईतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांमधून त्या दिवशी फुलं आणि मेणबत्त्या घेऊन माणसं दफनभूमीत जातात.

(दृश्य: डब्लिन. जुन्या शाळकरी वह्यांची पानं, शाईचं वळणदार अक्षर.)

पुढचं सगळं आपल्याला कळतं ते मुलांमुळे. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांहून अधिक मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जुन्या चालीरीती वहीत उतरवल्या. सुमारे ७ लाख ४० हजार पानं! आपल्याकडे असं कुणी करून ठेवलं असतं तर, हा विचार ही पानं उलटताना सतत मनात येत होता.

जुन्या माणसांच्या आठवणीतली साविनची रात्र अशी. लहान मुलांच्या डोक्यावर मीठ आणि ओटचं पीठ टाकायचं, म्हणजे पऱ्या त्यांना उचलून नेणार नाहीत. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणाऱ्या आज्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रानातली काळी बोरं त्या रात्रीनंतर खायची नाहीत, कारण पूका नावाचं भूत त्यांच्यावर थुंकून जातं. चुलीच्या कडेला दोन कवचफळं शेजारी ठेवायची, एक मुलीच्या नावाची, एक मुलाच्या. दोन्ही शांतपणे जळली तर संसार सुखाचा, एखादं फुटून उडालं तर जुळायचं नाही. आढ्याला दोरीनं सफरचंद टांगायचं आणि हात पाठीमागे ठेवून दातांनी पकडायचं. डॅनियल मॅक्लीस या चित्रकारानं काउंटी कॉर्कमध्ये पाहिलेल्या अशाच एका रात्रीचं चित्र १८३३ साली रंगवलं. ते आता पडद्यावर आहे. डावीकडून उजवीकडे, सावकाश बघा.

आणि मेलेल्यांसाठी? चूल विझू द्यायची नाही, तिच्याजवळ बसायला जागा ठेवायची, दाराला कडी लावायची नाही.

(दृश्य: शेतघराचं स्वयंपाकघर. एक आजी, त्यांची नातवंडं, टेबलावर चार सलगमं.)

सलगम कोरणं हे जोर लावायचं काम आहे. आधी डोक्याची चकती कापायची. आजी म्हणतात, चाकू तुझ्याकडे नको, पलीकडे वळव. भोपळा आतून पोकळ असतो, बिया काढल्या की झालं. सलगम गच्च भरलेलं. चमच्यानं एकेक कपचा खरवडायचा, मनगट दुखायला लागतं, नातवंडं तक्रार करतात, आजी चमचा परत हातात देतात. निघालेला गर फेकायचा नाही, तो एका पातेल्यात. उद्या उकडून, लोणी घालून जेवणात. भिंत बोटाएवढी पातळ झाली की चेहरा. इथे कुणी छापील नमुना वापरत नाही. चाकू जिथे घसरला तिथे नाक. म्हणून तर प्रत्येक चेहरा निराळा आणि भोपळ्यापेक्षा कितीतरी भयाण. शेवटी दोन भोकं पाडून सुतळी ओवायची आणि आत मेणबत्तीचा तुकडा.

पेटवल्यावर चकती वर ठेवली की आतून भाजायला लागते. कॅमेऱ्यात वास येत नाही, म्हणून सांगतो: करपलेल्या कोबीसारखा, मातकट. या घरात साविनचा वास म्हणजे हा.

असा दिवा घेऊन पोरं घरोघर जायची. अंगावर वडिलांचा उलटा घातलेला कोट, तोंडाला काजळी, कुठे गवताच्या पेंढ्यांचे मुखवटे. गावातल्या माणसानं ओळखायचं नाही, एवढाच नियम. दारात उभं राहून मागायचं काय? सफरचंदं आणि कवचफळं.

(दृश्य: बंदर, जुनी छायाचित्रं.)

१८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांच्याबरोबर ही रात्रही समुद्रापार पोचली.

अमेरिकेत सलगमाऐवजी भोपळा हाती आला. मोठा, मऊ, कोरायला सोपा. तिथल्या शहरांत या रात्री पोरांचा धुडगूस वाढला, फाटकं उचकटणं, खिडक्या फोडणं सुरू झालं. मग मोठ्यांनी मिरवणुका आणि खाऊ सुरू करून त्यांना आवरलं. 'खाऊ द्या, नाहीतर खोड्या काढू' या अर्थाची ती प्रसिद्ध इंग्रजी घोषणा १९२० च्या दशकात कॅनडाच्या वर्तमानपत्रांत छापलेली सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, अमेरिकेतलं साखरेचं रेशनिंग उठलं आणि सणाचा ताबा गोळ्या-चॉकलेटांच्या कारखान्यांकडे गेला. तोच सण टीव्हीवरून आयर्लंडला परत आला, पाकिटात बांधलेला. आज इथल्या सुपरमार्केटमध्ये भोपळ्यांचे ढीग आहेत आणि मुलं दारात उभी राहून अमेरिकेची घोषणा देतात.

(दृश्य: डेरी. तटबंदीवर दिवे, ढोल, रस्ताभर माणसं.)

पण उत्तर आयर्लंडमधलं डेरी शहर बघा. सतराव्या शतकातला हा तट, त्यावरून चाललेले सांगाडे, चेटकिणी, पंख लावलेली पोरं. १९८० च्या दशकात, या शहरात सैनिक आणि बॉम्ब रोजचे असताना, लोकांनी वेषांतर करून रस्त्यावर यायला सुरुवात केली. आज जगभरातून माणसं इथे येतात. पोशाख बरेचसे घरी शिवलेले. आजोबा, मुलगी, नात, तिघंही रंगलेल्या तोंडांनी. आम्ही दोन तास चित्रण केलं आणि त्यातलं फारसं काही कापवलं नाही.

(दृश्य: रात्र, दूरवर जाळ.)

डब्लिनच्या वस्त्यांमध्ये शेकोट्या अजून पेटतात, आता लाकडी फळकुटांच्या आणि कधी टायरच्याही; अग्निशमन दलाची वर्षातली सगळ्यात धावपळीची रात्र ही.

(दृश्य: पुन्हा आजींचं स्वयंपाकघर. टेबलावर गोल ब्रेड.)

हा बार्मब्रॅक. चहात भिजवलेले बेदाणे घातलेला गोड पाव. पूर्वी याच्या पोटात पाच वस्तू असायच्या. अंगठी आली तर लग्न, नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर गरिबी, काडी आली तर संसारात भांडणं, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही. दुकानातल्या ब्रॅकमध्ये आता फक्त अंगठी असते. आजी पाचही घालतात, प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळून.

बाहेर फाटकाच्या खांबावर चार सलगमं पेटली आहेत. आत सुरी फिरते. एकेकाच्या हातात तुकडा जातो, आणि खाण्याआधी प्रत्येक जण तो बोटांनी चाचपून बघतो. एक तुकडा कुणालाच दिलेला नाही. तो ताटलीत, चुलीजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोर आहे.

(दृश्य: खुर्ची. चुलीतला जाळ. दाराची कडी, उघडी.)