पॉइंटच्या कुलपाची चावी कुणाच्या ताब्यात?

नमस्कार मंडळी! वांगणी स्टेशनवर पॉइंट्समन मयूर शेळकेंनी रुळावर पडलेल्या पोराला वाचवलं, २०२१ चा तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. पण पॉइंट्समन एरवी काय करतो? आज त्यातलं एकच काम बघू, क्लॅम्प आणि पॅडलॉक.

गाडी एका लाइनवरून दुसरीवर जाते तिथे पॉइंट असतो. त्यातली सरकणारी टंग रेल बाजूच्या पक्क्या रुळाला घट्ट चिकटली पाहिजे. एरवी हे मोटर करते, आणि टंग रेल नीट बसल्याशिवाय सिग्नल मिळतच नाही. पण मोटर बिघडली किंवा सिग्नलवाल्यांनी कामासाठी पॉइंट डिस्कनेक्ट केला, की मग तो हाताने सेट करायचा, क्लॅम्पने दोन्ही रूळ आवळायचे, वर कुलूप घालायचं आणि मग गाडी हळू काढायची, म्हणजे समोरून (टंग रेलच्या टोकाकडून) पॉइंटवर येत असेल तर ताशी १५ किमीच्या आत. का एवढं? गाडीखाली टंग रेल हलली ना, तर पुढचे डबे एका लाइनवर आणि मागचे दुसरीवर.

आता हे सामान कुठे असतं? स्टेशन मास्तरच्या ताब्यात. आणि खरी गोष्ट चावीची आहे, क्लॅम्प लागल्यावर ती मास्तरकडेच परत यायला हवी, कुलपातच लटकत राहिली तर कुलूप असून नसल्यासारखंच. क्लॅम्पचा स्क्रू गंजला असेल तर भर पावसात रात्री तो फिरणार कसा, त्यामुळे ग्रीस लावून, चालवून बघूनच ठेवायचा, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळायचं नाही.

यापेक्षा डेंजर वस्तू म्हणजे क्रँक हँडल, ज्याने मोटरचा पॉइंट हाताने फिरवतात. त्याची चावी इंटरलॉक केलेली असते, ती बाहेर काढली की त्या पॉइंटवरून जाणारे सिग्नल देताच येत नाहीत. म्हणून कुणी "असू दे एक जादा" म्हणून दुसरं हँडल कपाटात ठेवलं तर सगळी सिस्टीमच बायपास झाली की! सिग्नल दिलेला असताना कुणी त्या जादा हँडलने पॉइंट फिरवला, तर सिग्नल लाल होईल हो, पण गाडी तोवर तो ओलांडून आत आलेली असू शकते.

हँडल कधी काढलं, कुणाला दिलं, कशासाठी, परत कधी आलं, सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं. ड्युटी बदलताना तर नुसतं "सगळं आहे" ऐकून सही करू नये, कपाट उघडून क्लॅम्प, कुलपं, चाव्या मोजून घ्याव्यात, मग समोरचा कितीही घाईत असू दे.