दीड वाजल्यानंतरची शाळा

नमस्कार मंडळी. कामं चालू असतील तर चालू राहू देत, मी बोलणार आहे ते हिशेबाचं आहे पण त्याला कागद-पेन लागणार नाही. मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका निवासी शाळेची बरीच वर्षं खजिनदार होते, मानद, म्हणजे पगार नाही. दिवसा डिचोलीला बँकेत नोकरी आणि शनिवार-रविवारी शाळेच्या वह्या. शाळा ट्रस्टची, विनाअनुदानित. नाव सांगत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते अशा कुठल्याही शाळेला लागू पडेल.

आता सगळ्यात आधी तो प्रश्न, जो मला लग्नाकार्यात सुद्धा विचारला जायचा. तुमची शाळा ना-नफा, मग फी कशाला घेता? आणि फी घेता तर ना-नफा कसली? तर बघा, ना-नफा म्हणजे वर्षाअखेर शिल्लक राहायलाच नको असं नाही. शिल्लक राहिली पाहिजेच, नाहीतर पुढच्या मे महिन्यात कौलं शाकारायला पैसे कुठून आणणार? फक्त ती शिल्लक कोणाच्या घरी जाता कामा नये, ती शाळेतच परत लागली पाहिजे. सुप्रीम कोर्टाने २००२ साली टी. एम. ए. पै केसमध्ये, ११ न्यायाधीशांच्या बेंचने, हेच सांगितलं की संस्था वाढवण्यासाठी वाजवी शिल्लक चालेल, पण कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी वरून घेतलेले पैसे, आणि नफेखोरी चालणार नाही. इन्कमटॅक्सची सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच कामावर खर्चायचे, उरलेले १५ टक्के हाताशी ठेवता येतात, त्याहून जास्त साठवायचे असतील तर कशासाठी ते लिहून द्यायचं आणि ५ वर्षांत त्याच कामाला लावायचे. त्यामुळे 'ट्रस्टवाले पैशावर बसलेत' असं कोणी म्हटलं की मी सांगते, बसू देत नाहीत हो.

तर खर्च. मोठा खर्च पगार, सगळीकडेच. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून येतो, आमच्याकडे तो फी आणि देणग्यांतूनच. पण निवासी शाळेत पगाराच्या मागोमाग मेस येते, आणि मेस म्हणजे काय चीज आहे ते वही हातात घेतल्याशिवाय कळत नाही. समजा १२० मुलं आहेत, वर्षात २७० दिवस राहतात. डाळ महागली, नारळ महागला, आणि एका मुलामागे रोजचा खर्च फक्त १ रुपयाने वाढला. एक रुपया! वर्षाला ३२,४०० रुपये झाले. आणि वाढ कधी एका रुपयाची नसते. गॅस १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर, घरगुती नाही. सकाळी पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाव, दुपारी शीत-कढी, म्हणजे भात-आमटी, रात्री परत भात, आणि वाढत्या वयाची मुलं दिवसभर खेळून आली की काय जेवतात ते आमच्या रांधपाच्या मावशींना विचारा.

आणि पाऊस. पावसाचा खर्च कुठल्याच बजेटात कोणी वेगळा लिहित नाही, मी लिहायला लागले. आषाढात १२० मुलांचे कपडे वाळत घालायचे कुठे? युनिफॉर्मला वास येतो, मोजे ओले, मग त्वचेचे आजार, मग डॉक्टर. आम्ही शेवटी मागच्या बाजूला पत्र्याची एक लांब शेड घातली, फक्त कपडे वाळवायला, आणि त्या शेडसाठी एक देणगीदार मिळाला नाही मला. एकही नाही. कॉन्फरन्स हॉलसाठी मिळाला असता, गेटसाठी तर नक्कीच.

हा खरा मुद्दा, ज्यासाठी मी आज इथे आले. आपल्याकडे शाळा सकाळी आठच्या आसपास भरते आणि दीडच्या सुमारास सुटते. तिथपर्यंत निवासी शाळा आणि साधी शाळा यात काही फरक नाही, तोच बोर्डाचा सिलॅबस, तीच पुस्तकं. निवासी शाळेची खरी शाळा सुरू होते दीड वाजता. जेवण, थोडी झोप, मग खेळ, कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, काम, चहा, हार्मोनियम-तबल्याचा तास, सांजवात, भजन, सात ते नऊ अभ्यासिका, जेवण, झोप, आणि रात्री दोन वाजता कोणाला ताप आला तर जागी असणारी कोणीतरी बाई. या साडेअठरा तासांचा जो खर्च आहे ना, त्याला दाता नाही. इमारतीवर नावाची पाटी लागते, वॉर्डनच्या पगारावर पाटी कुठे लावणार?

कंपनी कायद्याने १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजोपयोगी कामांना, द्यावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. चांगली गोष्ट आहे, मी विरोधात नाही. पण आमच्याकडे एका कंपनीची माणसं आली, कंप्युटर लॅब देतो म्हणाली, दिली सुद्धा, फित कापली, फोटो झाले. लॅबचं वीजबिल कोण भरणार, शिकवणारा कोण, दमट हवेत मशिनं टिकवायची कशी, हे विचारलं तर म्हणाले आमच्या स्कीममध्ये रिकरिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा, खर्च बसत नाही. मला तो शब्द अजून टोचतो. मुलं रोज जेवतात, रोज आजारी पडतात, रोज रडतात, सगळं रिकरिंगच आहे की!

कुळागराचं सांगते थोडं, कारण लोकांना वाटतं की मुलांकडून मजुरी करून घेतात. अजिबात नाही. पोफळीच्या बुंध्यावर मिरवेल, म्हणजे काळ्या मिरीचा वेल, का चढवतात, पाटाचं पाणी कुठल्या झाडाला आधी सोडायचं, केळीखाली सावलीत काय वाढतं, हे आमच्या मुलांना पायाने चालून कळतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकायचं वगैरे. निवासी शाळेत असा अर्धा दिवस रोज मिळतो, हा केवढा मोठा फायदा आहे, आणि तो आम्ही पालकांना नीट सांगत नाही, आम्ही दहावीचा रिझल्ट सांगतो.

आता २०१२. सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. डिचोली, साखळी, सगळीकडे रस्त्याच्या कडेने ट्रक लागले ते लागले, लाल धूळ बसलेले, टायर खाली गेलेले. त्यातल्या कित्येक ट्रकांची लोनं आमच्या बँकेत होती आणि त्याच लोकांची मुलं आमच्या शाळेत. म्हणजे सकाळी मी ज्याला हप्त्याचा फोन लावायचा त्यालाच रविवारी फीची आठवण करायची. मी फीचा फोन लावला नाही. कोणालाच नाही.

एक दिवस एक बाप आला. पिकअपमधून दोन पोती उकडे तांदूळ आणि नारळाची रास उतरवली, म्हणाला बाय, फीतले धरा, घरचेच आहेत. कमिटीत वाद झाला, एक जण म्हणाले असं सुरू केलं तर उद्या भोपळे येतील. मी म्हटलं येऊ देत, भोपळे मुलं खातात. तांदूळ वजन केले, त्या आठवड्याचा बाजारभाव लावला, तेवढे त्याच्या फीत जमा आणि मेसच्या खात्यात खर्ची, व्हाउचर मी हाताने लिहिलं, त्याची सही घेतली. ऑडिटर साहेबांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि म्हणाले बरोबर आहे.

आणि यात नवीन काय आहे? पणजीच्या मुष्टिफंडाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, ते नाव पडलं कशावरून? घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करून शाळा चालवायची यावरून. घाटावर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं, आणि मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या बाईने इमारतीला नाही दिले, जेवणाला दिले. मी हे वाचते तेव्हा दरवेळी थांबते.

ही झाली एक पद्धत, लोकांनी आपल्या घरातलं देण्याची. दुसरी पद्धत ठेवीची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मिल्टन हर्शी नावाच्या चॉकलेटवाल्याने आणि त्याच्या बायकोने १९०९ मध्ये अनाथ मुलांसाठी निवासी शाळा काढली, त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, आणि १९१८ ला त्याने आपली बहुतेक सगळी संपत्ती शाळेच्या ट्रस्टकडे दिली. तिथे अजूनही मुलांकडून फी घेत नाहीत. तिसरी पद्धत सरकारची, नवोदय विद्यालय, आपल्याकडे वाळपईला आणि काणकोणला आहेत, सहावीला परीक्षा देऊन प्रवेश, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. कोणाचं मूल पाचवीत असेल तर तो फॉर्म जरूर भरा, आमच्या शाळेच्या आधी तो भरा असं मी पालकांना सांगायचे. आमच्यासारख्या शाळा या सगळ्यांच्या मधे लटकतात. थोडी फी, थोडी देणगी, छोटीशी कायम ठेव, आणि तिचं व्याज. व्याजदर उतरला की आमची भाजी बदलते.

पण माझ्या हातून एक चूक झाली ती सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. त्या खाणबंदीच्या वर्षी बजेट बसत नव्हतं. मी कागद मांडला. मेसला हात लावायचा नाही, वॉर्डनला नाही, शिक्षकांचे पगार नाही. राहिली अभ्यासिका. संध्याकाळी सात ते नऊ बसणारे तीन शिकवणारे होते, वेगळ्या मानधनावर. मी म्हटलं दोन कमी करू, मुलं आपापला अभ्यास करतील, एक जण लक्ष ठेवील. सगळ्यांनी मान डोलावली. आकडा जुळला, मला त्या रात्री झोप चांगली लागली.

आता आपल्या गोव्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा, आणि पाचवीत एकदम इंग्रजी. सत्तरीच्या वाड्यावरून आलेलं मूल वर्गात गप्प बसतं ते काही येत नाही म्हणून बसत नाही. फेब्रुवारीत मी सहज एका सातवीच्या मुलाची विज्ञानाची वही उघडली. प्रश्न इंग्रजीत होता, झाड आपलं अन्न कसं तयार करतं. उत्तराची जागा कोरी. वर लाल शाईत शून्य. आणि बाजूच्या समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात, पुसट, त्याने लिहिलं होतं, 'झाड आपलं जेवण उन्हात रांधतं.'

सगळं येत होतं हो त्याला. ते इंग्रजीत कसं म्हणायचं हे सात ते नऊ मध्ये शेजारी बसून सांगणारं माणूस मी काढून टाकलं होतं. वही मी घरी घेऊन आले, दुसऱ्या दिवशी त्याला परत द्यायची होती म्हणून त्या पानाचा फोटो काढून ठेवला. पुढच्या मीटिंगमध्ये मी तोच दाखवला, भाषण केलं नाही. जूनपासून ते दोघेही परत आले. पैसे कुठून आणले म्हणाल तर वार्षिक संमेलन साधं केलं, मंडप नाही, स्मरणिका नाही, आणि डिचोलीच्या बाजारातल्या दुकानदारांकडे गेले, म्हटलं मोठी देणगी नको, एका शिकवणाऱ्याचं एका महिन्याचं मानधन द्या, महिना तुमचा. अकरा दुकानं मिळायला मला पावणेदोन वर्षं लागली.

देणाऱ्यांना एक सांगते. ८०जी म्हणून ओळखली जाणारी इन्कमटॅक्सच्या सुटीची पावती मिळते, निम्म्या रकमेवर सूट असते, पण ती जुनी कर पद्धत घेतली तरच, नवीन पद्धतीत नाही, आणि रोख २,००० च्या वर दिलेत तर सूट नाही, चेक नाहीतर यूपीआय करा. पालकांनो, जुन्या पद्धतीत तुम्हाला इन्कमटॅक्समध्ये, ८०सी म्हणून ओळखली जाणारी, फीची सूट मिळते ती फक्त ट्यूशन फीची, हॉस्टेल आणि मेसची नाही, म्हणून पावती वेगवेगळी मागा.

आणि प्रवेशाला जाल तेव्हा ऑफिसमध्ये बसून माहितीपत्रक बघू नका, दीडच्या पुढे जा. स्वयंपाकघरात जा. कपडे कुठे वाळतात बघा. रात्री मुलांजवळ कोण झोपतं, त्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का, तक्रार करायची तर मुलाने कोणाकडे जायचं, स्पष्ट विचारा, लाजू नका, मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेच्या नावासाठी दाबून ठेवता येत नाही. मग ऑडिट केलेला ताळेबंद मागा. ट्रस्टचा आहे, लपवायचं काही कारण नाही. त्यात अभ्यासिकेच्या मानधनाची ओळ शोधा. ती ओळ नसेल तर संध्याकाळी सातला मुलांजवळ कोण बसतं ते विचारा.

आमच्याकडची अभ्यासिका चालू आहे. ऑगस्ट महिना कापडवाल्यांचा, चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, धंदा होतो म्हणून त्यांनी तो मागून घेतला. मार्च अजून कोणी घेतलेला नाही, त्या महिन्यात सगळ्यांचे स्वतःचेच हिशेब असतात, तो सध्या ठेवीच्या व्याजातून जातो.

नमस्कार.