कुलाब्यातले आरसे आणि उष्णतेची गळती

सौरऊर्जा म्हटलं की डोळ्यांसमोर गच्चीवरचे निळे-काळे पॅनल येतात. आज त्यांच्याबद्दल फारसं बोलायचं नाही. उन्हातून आधी उष्णता गोळा करायची आणि मग तिच्यातून वीज काढायची, या दुसऱ्या वाटेबद्दल बोलू. त्यासाठी राजस्थानात किंवा स्पेनला जायची घाई नको, सुरुवात कुलाब्यातूनच करता येते.

विल्यम अ‍ॅडम्स हा मुंबई हायकोर्टातला इंग्रज डेप्युटी रजिस्ट्रार. पेशाने इंजिनिअर नव्हे, कचेरीतला माणूस. १८७८च्या सुमारास त्याने मिडल कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात सपाट आरशांची चौकट उभी केली. एकेक आरसा १७ इंच बाय १० इंच, असे ७२. चौकट अर्धगोल रुळावर सरकायची आणि समोरचा बॉयलर मात्र जागच्या जागी. दिवसातून तीन-चार वेळा गड्याने चौकट ढकलली की झोत पुन्हा बॉयलरवर. त्या झोतात धरलेलं लाकूड लगेच पेटलं. पुढे बॉयलरभोवती असे आरसे मांडून त्याने अडीच हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा तेव्हा इंग्लंडहून बोटीने यायचा, तेव्हा हा खटाटोप कुणासाठी होता ते सांगायला नको.

आता ७२ आरसे आणि अडीच हॉर्सपॉवर हे दोन आकडे बहुतेक ठिकाणी शेजारी-शेजारी छापलेले असतात. जरा हिशेब करू. ७२ आरशांचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ८ चौरस मीटर. चांगल्या उन्हात चौरस मीटरला थेट किरणांची ८०० वॅट धरली, तर एकूण ६.४ किलोवॅट. आरशात १५ टक्के गेली, उरली ५.४. बॉयलरच्या अंगातून ३० टक्के निसटली, उरली ३.८. त्या काळच्या लहान इंजिनाची कार्यक्षमता पाच टक्के धरा. हातात आले १९० वॅट, म्हणजे पाव हॉर्सपॉवर! अडीचसाठी अशा दहा चौकटी लागतात. ७२ आरशांत लाकूड पेटतं, इंजिन चालत नाही.

६.४ किलोवॅटचे १९० वॅट झाले ते तीन गळत्यांमुळे: आरसा, बॉयलर आणि इंजिन. गेल्या दीडशे वर्षांत या क्षेत्रात जे शोध लागले, ते बहुतेक सगळे या तीनपैकी कुठल्या तरी गळतीला बूच मारण्याचे आहेत. ऊन गोळा करणं त्यातल्या त्यात सोपं. मिळालेली उष्णता कामाला लागेपर्यंत धरून ठेवणं अवघड.

बॉयलरची गळती आधी पाहू. तापलेली कुठलीही वस्तू स्वतः किरणं फेकते, आणि ही किरणं तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात. तापमान केल्व्हिनमध्ये दुप्पट, तर गळती सोळापट. काळा रंग दिलेला पत्रा ४०० अंश सेल्सिअसला चौरस मीटरमागे ११.६ किलोवॅट बाहेर फेकतो. ऊन त्याला देतं जेमतेम एक किलोवॅट. म्हणजे पत्रा कितीही वेळ उन्हात ठेवा, ४०० अंश गाठणार नाही. तिथे एकवटीकरण लागतं: मोठ्या आरशावरचं ऊन लहान पृष्ठभागावर आणायचं, म्हणजे गळायला जागाच कमी राहते. आरशाचं खरं काम हेच आहे. आरसा ऊन वाढवत नाही, गळतीचं क्षेत्रफळ घटवतो.

इंजिनाची बाजू नेमकी उलटी. कार्नोच्या नियमाप्रमाणे उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल, हे गरम आणि थंड बाजूंच्या तापमानांवर ठरतं. थंड बाजू ३७ अंश धरली तर १२० अंशांवर ही कमाल मर्यादा २१ टक्के, ४०० अंशांवर ५४ टक्के, ५६५ अंशांवर ६३ टक्के. प्रत्यक्षातली चांगली वाफेची टर्बाइन यातलं दोन तृतीयांश पदरात पाडते. म्हणजे इंजिनाला तापमान चढं हवं आणि उष्णता गोळा करणाऱ्याला उतरतं. दोघांच्या कार्यक्षमतांचा गुणाकार कुठे सर्वांत मोठा येतो ते शोधणं, हीच संपूर्ण यंत्रणेची रचना. ९० अंशांच्या पाण्यावर वीज करणारं यंत्र दाखवायला अधूनमधून कुणीतरी येतं. गोळा करण्याची कार्यक्षमता ४५ टक्के, इंजिनाची ६-७ टक्के, गुणाकार तीन टक्के. गच्चीवरचा साधा पॅनल आज २० टक्क्यांच्या वर देतो. तेव्हा ९० अंशांच्या पाण्याने आंघोळ करावी, वीज करू नये.

आता एक वस्तू जवळून पाहू. पन्हळीच्या आकाराचा लांबच लांब आरसा आणि त्याच्या नाभीतून, म्हणजे परतलेली किरणं जिथे एकवटतात तिथून, जाणारी नळी, ही सर्वांत जास्त वापरली गेलेली रचना. फ्रँक शूमन या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ साली कैरोजवळ मादी इथे अशाच पाच पन्हळींवर नाईलचं पाणी उपसणारा पंप चालवला होता. आजच्या पन्हळीची रुंदी सहा मीटरच्या आसपास. नळी स्टेनलेस स्टीलची, ७० मिलिमीटर व्यासाची, चार मीटर लांबीची. तिच्यावर निवडक लेप असतो. हा लेप उन्हाची ९५ टक्के किरणं शोषतो, पण स्वतः तापल्यावर काळ्या पत्र्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच किरणं बाहेर टाकतो. ऊन आणि तापल्या वस्तूची किरणं वेगवेगळ्या तरंगलांबीची असतात, म्हणून ही चलाखी जमते. असा लेप व्यवहारात आणला हॅरी टाबोर यांनी, इस्राएलमध्ये, १९५०च्या दशकात. एकट्या या शोधाने ११.६ किलोवॅटची गळती १.२ वर आली.

नळीभोवती १२५ मिलिमीटर व्यासाची काच आणि मधे निर्वात पोकळी. तापल्यावर स्टील काचेपेक्षा जास्त वाढतं, म्हणून दोन्ही टोकांना भात्यासारखी घडी, बेलो. काच आणि धातू जिथे जोडलाय, तिथेच चीर जाते, विशेषतः आरशाचा झोत चुकून त्या सांध्यावर पडला तर. आत डायफिनाइल ऑक्साइड आणि बायफिनाइल यांचं मिश्रण, थर्मल ऑइल, फिरतं. हे तेल १२ अंशांना गोठतं. राजस्थानात डिसेंबरच्या रात्री पारा त्याखाली जातो, म्हणून रात्रभर पंप चालू ठेवावे लागतात. आणि ४०० अंशांच्या वर त्याचे रेणू फुटतात. फुटताना हायड्रोजन निघतो. हायड्रोजनचा रेणू इतका लहान की तापलेल्या स्टीलमधून झिरपून निर्वात पोकळीत शिरतो. नळी बाहेरून धडधाकट दिसते, काच शाबूत असते, पण गळती तिप्पट-चौपट होते. हायड्रोजन शोषणाऱ्या धातूच्या गोळ्या, गेटर, आत ठेवलेल्या असतात, पण त्यांचीही क्षमता संपते. अशी नळी नुसत्या डोळ्यांना कळत नाही, थर्मल कॅमेऱ्याने काच पाहावी लागते. शेजारची काच कोमट आणि हिची चटका देणारी, म्हणजे हिच्यात हायड्रोजन शिरला.

तेलाची ४०० अंशांची वेस ओलांडायची तर मीठ. म्हणजे खायचं नव्हे. ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचं वितळवलेलं मिश्रण. उन्हाने तापलेलं मीठ गरम टाकीत साठवायचं, वाफ करून उतरलेलं थंड टाकीत. थंड टाकी २९० अंशांची, गरम टाकी ५६५ अंशांची. थंड टाकीसुद्धा २९० अंशांची, हे ऐकून हसू येतं खरं, पण २४० अंशांच्या आसपास हे मीठ गोठू लागतं. एका टनात या दोन तापमानांमध्ये सुमारे ११५ युनिट उष्णता मावते, तिची वीज होते ४७-४८ युनिट. एक मेगावॅट सहा तास चालवायला १३० टनांच्या आसपास मीठ लागतं. संध्याकाळी सातनंतर मागणी चढते आणि पॅनल झोपलेले असतात, तेव्हा या टाकीची किंमत कळते. स्पेनमध्ये सेव्हिलजवळचा हेमासोलार मनोरा (वर मीठ तापवणारं भांडं, खाली जमिनीवर आरसे) २०११ पासून २० मेगावॅटला थोडा कमी देतो, आणि उन्हाशिवाय १५ तास.

बिघाड कुठे होतो? प्रत्येक पाइपला आणि व्हॉल्व्हला विजेची तापणारी तार गुंडाळलेली असते. एक तार जळाली, तिथे मीठ गोठलं की अख्खी लाइन बंद. दुसरी जागा टाकीचा तळ. भरताना मधला भाग आधी तापतो, कडा थंड. तळ पसरू पाहतो, खालच्या पायाशी घर्षण होतं, पत्रा फुगतो, वेल्डला चीर जाते. अमेरिकेतला एक मोठा प्रकल्प अशाच गळक्या टाकीमुळे महिनोन्महिने बंद होता. आरशांवर कोट्यवधी खर्च करून पायाच्या घर्षणाकडे दुर्लक्ष करणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मनोऱ्याची रचना अ‍ॅडम्सचीच: भांडं जागेवर, आरसे हलते. तापलेला, दाबाखालचा पाइप हलवावा लागला की सांधा आला आणि सांधा आला की गळती आली. पन्हळीत नळी आरशाबरोबर फिरते, तिच्या टोकाचे बॉल जॉइंट हे देखभालवाल्यांचं कायमचं दुखणं, आणि गळणारं तेल पेट घेणारं. मनोऱ्यात ते टळतं, पण अचूकपणा फार लागतो. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो आणि त्याचं बिंब अर्ध्या अंशाचं. म्हणजे दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. ५०० मीटरवरचा आरसा एक हजारांश रेडियनने तिरका झाला तर झोत पूर्ण एक मीटर चुकतो. अ‍ॅडम्सच्या गड्याला तीन-चार वेळा ढकलून भागायचं, कारण त्याचा बॉयलर हाकेच्या अंतरावर होता.

मग मुंबईत असा मनोरा का नाही? जागेचा भाव सोडा. आरसा फक्त थेट किरणं एकवटू शकतो, विखुरलेली नाही. आपल्या दमट, धूसर हवेत उन्हाचा मोठा हिस्सा विखुरलेला असतो, आणि जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. साधी परीक्षा अशी: दुपारी जमिनीवर पडलेल्या तुमच्या सावलीची कड धारदार आहे का? पुसट असेल तर आरसे विसरा, सपाट पॅनल चालतील. राजस्थानातही धुळीमुळे प्रत्यक्ष मोजलेलं थेट ऊन उपग्रहावरून काढलेल्या अंदाजापेक्षा कमी भरलं. केंद्र सरकारच्या सौर अभियानाच्या पहिल्या टप्प्यातले औष्णिक प्रकल्प रखडण्याचं ते एक कारण. नोखचा ५० मेगावॅटचा आणि धुरसरचा १२५ मेगावॅटचा, असे थोडेच पूर्ण झाले. पॅनल स्वस्त झाल्यावर दिवसाची वीज आरशांतून काढण्यात अर्थ उरला नाही, हे स्पष्टच म्हटलेलं बरं.

महाराष्ट्रात या विद्येचा उपयोग उष्णता उष्णता म्हणूनच वापरण्यात झाला. शिर्डीच्या प्रसादालयावर १६ चौरस मीटरच्या ७३ शेफलर थाळ्या, म्हणजे थाळीच्या आकाराचे आरसे, आहेत. थाळी पृथ्वीच्या अक्षाला समांतर आसावर ताशी १५ अंश फिरते, आणि ऋतूप्रमाणे तिचा कल दर काही दिवसांनी बदलावा लागतो. वाफ होणारी जागा मात्र हलत नाही, पुन्हा कुलाब्याचाच नियम. ही वाफ नेहमीच्या बॉयलरच्या लाइनला जोडलेली असते, त्यामुळे ढग आला म्हणून वरण कच्चं राहत नाही. आयआयटी मुंबईच्या सहभागातून घडलेली ‘अरुण’ ही मोठी थाळी २००६ साली लातूरच्या डेअरीत दूध पाश्चराइझ करायला बसली.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखानदारांची नेहमीची चूक वेगळी आहे. प्रक्रियेला हवं असतं ७० अंशांचं पाणी, आणि ते मागतात दहा बार दाबाची सौर वाफ, कारण जुनी लाइन वाफेची आहे. त्याऐवजी बॉयलरमध्ये जाणारं पाणी आधी ३० वरून ८० अंशांवर न्या. हजार लिटरला ५८ युनिट उष्णता, म्हणजे सात लिटरच्या वर डिझेल वाचलं. त्यासाठी आरसाही लागत नाही, निर्वात नळ्या पुरतात, आणि त्या विखुरलेलं ऊनही घेतात.

त्याच नळ्या तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर आहेत, तिथेच थांबू. शंभर लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला चार युनिट लागतात. दोन चौरस मीटरचा संग्राहक, म्हणजे नळ्यांचा संच, ते दिवसभरात देतो. तोंड दक्षिणेला, आणि मुंबईचा अक्षांश १९ असला तरी कल २५ ते ३० अंश, कारण गरम पाणी हवं असतं थंडीत. नळीच्या खालच्या टोकाला चंदेरी चकाकी असते, तो बेरियमचा थर. तो पांढुरका झाला की आत हवा शिरली, ती नळी बदला. रिकाम्या नळ्यांत भर दुपारी गार पाणी सोडू नका, काच तडकते. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर भरा. टँकरचं बोअरचं पाणी असेल तर नळ्यांत क्षार बसतो, वर्षातून एकदा धुवून घ्या. टाकीवरची हवेची नळी कुणी ‘पाणी उडतं’ म्हणून बूच मारून बंद केली, तर पाणी उतरताना टाकी आत चेपते.

आणि खालच्या मजल्यांची तक्रार: नळ सोडला की आधी गार पाणीच येतं. वीस मीटर लांबीच्या, २० मिलिमीटर पोकळीच्या पाइपात सहा लिटरच्या वर पाणी असतं, ते रात्रीत थंड होतं आणि रोज गटारात जातं. उपाय म्हणजे परतीची लाइन आणि लहान फिरता पंप, दोन्ही पाइपांवर इन्सुलेशन, आणि पंपाला टायमर, पहाटे साडेपाच ते नऊ. टायमर न लावता पंप तसाच चालू ठेवला, तर तो रात्रभर गरम पाणी मजल्यामजल्यांतून फिरवत राहतो आणि सकाळी सहाला पहिल्या माणसालाच कोमट बादली मिळते.