स्पीकर बदलण्याआधी खुर्ची हलवा

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधली एखादी बेडरूम घ्या. बारा बाय दहा, खाली गुळगुळीत टाइल्स, काँक्रीटच्या भिंती, एका बाजूला सरकती काच. तिथे स्पीकर लावले की आपण म्हणतो, डग्गा फार घुमतोय. मग दुकानात जाऊन दुसरी जोडी ऐकतो. तिथे ती सुरेख वाजते, पण घरी आणली की पुन्हा त्याच ठिकाणी घुमते. मंडळी, घुमतेय ती खोली.

आपल्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 348 मीटर जातो. त्या हिशेबाने 48 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 48 कंपनांच्या लहरीची लांबी जवळपास 24 फूट येते. बारा फुटांत ती बरोबर अर्धी मावते आणि दोन भिंतींमध्ये अडकून फुगते. दहा फुटांच्या बाजूला हेच 57 हर्ट्झच्या आसपास घडतं.

हे घरी करूनच बघा. पंखा, एसी बंद करा. एकच स्पीकर बारा फुटांच्या एका टोकाला, भिंतीजवळ ठेवा आणि 48 हर्ट्झचा सलग सूर बेताच्या आवाजात लावा. आता समोरच्या भिंतीकडे हळूहळू चालत जा. खोलीच्या मध्यावर सूर जवळजवळ विरतो. आणखी पुढे गेलात की तो पुन्हा भरतो आणि भिंतीला कान लावलात तर छातीत जाणवतो. स्पीकर तोच, आवाजाची पट्टी तीच, फक्त तुम्ही सहा फूट सरकलात.

अशा खोलीत अंदाजे 250 हर्ट्झच्या खाली खोलीचंच राज्य असतं. काळी एक या पट्टीतला पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, 139 हर्ट्झच्या जवळ येतो. म्हणजे पुरुष गायकाचं मंद्र सप्तक आणि डग्ग्याची घुमक, सगळं त्या हद्दीत. आपल्या संगीताचे श्रोते म्हणून आपण खोलीकडे लक्ष द्यायलाच हवं, असं मला कळकळीने वाटतं.

1895 साली हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांना एका व्याख्यानगृहात आवाज फार घुमत राहतो, तो दोष दूर करायला सांगितलं होतं. त्यांनी आवाज शोषण्यासाठी नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे वाहून नेल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि सूर विरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजलं. आज मोजमापाचा माइक आणि आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजणारं मोफत सॉफ्टवेअर असलं की झालं. फोनच्या माइकवर मात्र खालच्या सुरांसाठी विसंबू नका.

टाळी वाजवल्यावर जी झणझण येते, ती सतरंजी आणि जाड पडद्यांनी जाते. खालच्या सुरांना पडद्याचा उपयोग नाही. पडदा भिंतीपासून साधारण पाव लहर दूर असला तरच नीट शोषतो आणि 48 हर्ट्झची पाव लहरच सहा फुटांची. तिथे जागाच बदलावी लागते. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका आणि मध्यावरही ठेवू नका. मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर सुरुवात करा, कानाच्या उंचीवर माइक धरून मोजा, मग वीतभर पुढे-मागे सरकवून पुन्हा मोजा.