न विचारता बदललेला बायोस

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर ‘असेंबल केलेल्या संगणकाचा मालक कोण?’ असा प्रश्न छापलेला आहे आणि त्याचे उत्तर देण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे. इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी कधी ना कधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या उन्हात हिंडून मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्या दुकानातून आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) घरचाच जुना, अशा रीतीने संगणक जोडलेला असणार; त्यामुळे बायोस म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारे, मदरबोर्डवरच्या चिपमधले सॉफ्टवेअर, यापलीकडे ते समजावण्यात मी वेळ घालवत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपडेटने डिस्कवर हवे ते करावे, पण मदरबोर्डवरच्या चिपमध्ये अक्षर बदलण्यापूर्वी मालकाची वेगळी आणि स्पष्ट परवानगी घ्यावी.

सांगलीकडचे माझे एक स्नेही लग्नांचे व्हिडिओ करतात. चित्रीकरण साठवण्यासाठी त्यांनी दोन मोठ्या हार्ड डिस्क मदरबोर्डच्याच रेड सुविधेने एकत्र जोडल्या होत्या, म्हणजे संगणकाला त्या एकच डिस्क म्हणून दिसत. ऐन वैशाखात, मुहूर्तांची रांग लागलेली असताना, एका रात्री काम संपवून त्यांनी संगणक बंद केला आणि नेहमीप्रमाणे ‘अपडेट करून बंद करा’ हा पर्याय निवडला. सकाळी पडद्यावर मदरबोर्ड कंपनीचे बोधचिन्ह आणि त्याखाली हळूहळू सरकणारी एक पट्टी दिसली. ती पूर्ण भरली, संगणक सुरू झाला, विंडो उघडल्या, सारे काही ठीक होते. फक्त लग्ने नाहीशी झाली होती.

घडले होते ते असे. अपडेटबरोबर मदरबोर्डचे नवे फर्मवेअर, म्हणजेच नवा बायोस, आले होते. फर्मवेअरची आवृत्ती बदलली की जुन्या सेटिंग्जची मांडणी नव्या आवृत्तीशी जुळेलच असे नसते, म्हणून पुष्कळ बोर्ड सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातून निघाल्या तशा करून टाकतात. त्यात रेड बंद झाले. रॅमचा वेगही 3200 वरून 2133 वर आला, पण ते कोणाच्या लक्षात येणार? ऑपरेटिंग सिस्टीमला आता दोन सुट्या, अनोळखी डिस्क दिसत होत्या आणि ती मोठ्या अदबीने विचारत होती की यांतली एक कोरी दिसते, तर तिची वापरासाठी तयारी करू का? गावातल्या दुकानदाराने पाहून निदान केले की हार्ड डिस्क गेली, आणि आपल्याकडच्या सर्व संगणकरोगांवरचा जो एकमेव उपाय आहे तो सुचवला: फॉरमॅट मारू. (तुम्ही हसता आहात, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच सुचवले असते.) सुदैवाने ‘होय’ हे बटण दाबण्याआधी आमच्या स्नेह्यांनी मला फोन केला. बायोसमध्ये जाऊन रेड पुन्हा चालू करताच दोन्ही डिस्क एकमेकींना ओळखू लागल्या, कारण जोडीची नोंद त्या डिस्कांवरच लिहिलेली असते. ते बटण दाबले गेले असते, तर मात्र त्याच नोंदीवर घाला पडण्याचा धोका होता.

हे सारे उलगडेपर्यंत बरेच दिवस गेले, आणि एका जोडप्याला त्यांच्या लग्नाचा व्हिडिओ जवळजवळ बारशाच्या सुमारास मिळाला. पण मला राग येतो तो त्या दिवसांतल्या पत्रव्यवहाराचा. मदरबोर्डची कंपनी म्हणाली, आम्ही काही पाठवले नाही, ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांना विचारा. ऑपरेटिंग सिस्टीमवाले म्हणाले, फर्मवेअर बोर्डाच्या कंपनीचे आहे, त्यांना विचारा. दुकानदार म्हणाला, सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही. ब्रँडेड लॅपटॉपला माहेर असते. असेंबल केलेल्या संगणकाला सासरच तेवढी पाच-सहा असतात.

गंमत अशी की तिघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, मदरबोर्डचे फर्मवेअर ‘कॅप्सूल’ नावाच्या गठ्ठ्यात बांधून, ड्रायव्हर (यंत्रभाग चालवणारे सॉफ्टवेअर) असल्यासारखे विंडोज अपडेटमधून पाठवण्याची सोय आहे. चालू संगणकात काहीच घडत नाही. पुढच्या वेळी तो सुरू होताना हा गठ्ठा यूईएफआयच्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसच्या, स्वाधीन केला जातो आणि चिपवर लिहिण्याचे काम फर्मवेअर स्वतःच करते. गठ्ठा बोर्डाच्या कंपनीने बांधलेला, पोचवला ऑपरेटिंग सिस्टीमने, आणि परवानगी दिली ‘अपडेट करून बंद करा’ या सरधोपट बटणाने. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर 2015 पासून एफडब्ल्यूअपडी नावाची व्यवस्था आहे; तीही कॅप्सूलच वापरते, पण तिथे फर्मवेअरची यादी वेगळी दिसते आणि सहसा आपण होकार दिल्याशिवाय ते बसत नाही. म्हणजे विचारणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, ही सबब टिकत नाही.

तरी लिनक्सच्या बाजूने फार टाळ्या वाजवू नका. डिसेंबर 2017 मध्ये उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या 17.10 या आवृत्तीचे डाउनलोड काही काळ मागे घ्यावे लागले होते. त्यातल्या इंटेलच्या एका ड्रायव्हरने लेनोव्हो, एसर आणि तोशिबाच्या काही लॅपटॉपांतल्या बायोसच्या चिपची अशी अवस्था केली की सेटिंग्ज बदलल्या तरी जतन होत नसत आणि पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होत नसे. तिथे फर्मवेअर बदलण्याचा कोणाचा हेतूसुद्धा नव्हता. हेतुपुरस्सर केलेल्याचे उदाहरण हवे असेल तर आपल्यातल्या ज्येष्ठांना 26 एप्रिल 1999 आठवत असेल. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला आणि त्याने डिस्कचा आरंभ तर पुसलाच, शिवाय जमेल त्या बोर्डावरचा बायोसही खराब केला. ज्या संगणकांचा बायोस गेला, त्यांत नो डिस्प्ले. चिप काढून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा लिहावी किंवा बोर्ड बदलावा, एवढेच उपाय उरले. चिपवर लिहिण्याचे दार ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजूने उघडे राहिले तर काय होते, हे तेव्हाच कळले होते. आज ते दार डिजिटल स्वाक्षरी तपासून उघडते, ही मोठी सुधारणा आहे आणि ती नाकारण्याचा माझा हेतू नाही. पण स्वाक्षरीने गठ्ठा कोणाचा हे कळते, मालकाला तो हवा आहे की नाही हे कळत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे आणखी दोन गोष्टी आणि मग ज्याचे आश्वासन दिले होते ते उत्तर आता भराभर सांगतो.

फर्मवेअर न बदलताही बोर्डाच्या चिपमध्ये बदल करता येतो, कारण सिक्युअर बूटच्या, म्हणजे संगणक सुरू होताना कोणते सॉफ्टवेअर चालू द्यायचे हे ठरवणाऱ्या सोयीच्या, याद्या तिथेच साठवलेल्या असतात. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुने, सदोष लिनक्स बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारे प्रोग्रॅम) रोखणारी नोंद चिपमध्ये लिहिली. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या संगणकांना ती लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते; प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांचे लिनक्स सुरू होईनासे झाले. ही नोंद डिस्कवर नसल्यामुळे आपला रामबाण उपाय, म्हणजे फॉरमॅट, तिथे निरुपयोगी ठरतो. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समध्ये शिरून ती पुसावी लागते.

शिवाय सिक्युअर बूटच्या 2011 सालच्या प्रमाणपत्रांची मुदत जून 2026 पासून संपू लागते, म्हणून 2023 ची नवी प्रमाणपत्रे अपडेटमधूनच चिपमध्ये उतरवली जातात. हे आवश्यकच आहे. पण सिक्युअर बूटच्या याद्यांपैकी एकीत भर घालायला बोर्डाच्या कंपनीच्या किल्लीची स्वाक्षरी लागते, आणि त्या किल्ल्यांची निगा कशी राखली जाते हे जुलै 2024 मध्ये उघड झाले: ‘विश्वास ठेवू नये’ असे नावातच इंग्रजीत लिहिलेली चाचणीपुरती किल्ली शेकडो प्रकारच्या विक्रीच्या संगणकांत तशीच निघाली.

तेव्हा मालक कोण, याचे माझे उत्तर असे. ब्रँडेड संगणकात बोर्ड, सेटिंग्ज आणि फर्मवेअर एकाच कंपनीने एकत्र तपासलेले असतात. आपल्या जोडणीची तपासणी जगात फक्त आपण केलेली असते, म्हणून चिपबाबतचा अखेरचा शब्दही आपलाच असला पाहिजे. फर्मवेअरचे अपडेट यादीत वेगळे दिसावे, त्यावर आवृत्ती आणि कंपनीचे नाव असावे, सेटिंग्ज पुसल्या जाणार असतील तर ते आधी सांगितले जावे, आणि चिपवर लिहिताना वीज जाण्याची भीती असलेल्या माणसाला ‘आज नको’ म्हणता यावे. सध्या विंडोजच्या प्रो आवृत्तीत अपडेटमधून ड्रायव्हर वगळण्याचे धोरण लावता येते आणि त्याने बहुतेक कॅप्सूल थांबतात. होम आवृत्तीत असे धोरण लावण्याचा, म्हणजे ग्रुप पॉलिसीचा, पडदाच नाही, आणि सिक्युअर बूटच्या नोंदी मासिक अपडेटच्या पोटातून येत असल्याने हे धोरण त्यांना कुठेच अडवत नाही. हे बदलेपर्यंत बायोसच्या प्रत्येक पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर छापून संगणकापासून लांब ठेवावी.